पहिल्या पीसचा ओके

मित्रांनो, टीव्हीच्या शेजारी डोक्यावर प्लॅस्टिकच्या फुलांची फुलदाणी घेऊन उभं असलेलं हे लाकडी खोकं म्हणजे मी. मी एक जुना स्पीकर आहे. कमरेएवढा उंच, काळ्या जाळीचा, एका कोपऱ्यावर सनमायका उडालेला. हल्ली घरी येणारे पाहुणे मला चपलांचं कपाट समजतात. एका काकांनी तर माझी जाळी ओढून पाहिली आणि चपला कुठे ठेवू म्हणून विचारलं. मला फार राग आला. तुम्हालाही आला असता.

माझा जन्म इथलाच, काळेवाडीचा. गल्लीतल्या एका सुताराने दारांच्या कामातून उरलेल्या जाड प्लायचं माझं अंग बनवलं. आतले अवयव माझा मालक बुद्धरत्न याने पुण्याच्या तपकीर गल्लीतून, रेडिओ-स्पीकरच्या सुट्या भागांच्या बाजारातून आणले. पोटात मोठा पडदा बसवला, त्याला वूफर म्हणतात. तो ढोल, पावलं, इंजिनाची घरघर असे खालचे, जाड आवाज काढतो. कपाळावर रुपयाएवढा ट्विटर बसवला. तो बारीक आवाज काढतो. ड्रमच्या शेजारी टांगलेली झांज, बांगड्यांची किणकिण, आणि माणूस 'स' किंवा 'श' म्हणतो तेव्हा दातांतून निघणारी हवा, हे सगळं त्याचं काम. माझ्यासारखाच एक जोडीदार खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात उभा केला. तो मितभाषी आहे, म्हणून गोष्ट मीच सांगतो.

बुद्धरत्न तेव्हा आयटीआय करून नुकताच कामाला लागला होता. चाकणच्या एका कंपनीत तो प्रेस शॉपला होता. प्रेस म्हणजे पत्र्याला एका दणक्यात गाडीच्या दाराचा आकार देणारं यंत्र. दिवसभर तो दणका ऐकायचा आणि घरी येऊन पुन्हा मला दणकवायचं, हा त्याचा कार्यक्रम. त्याची आई चिमाबाई कपाळावर हात मारून घ्यायची.

"आरं, कंपनीतला गोंगाट कमी पडला व्हय तुला?" ती म्हणायची. "घरात कशाला आणला विकत?"

पण बुद्धरत्नाला गोंगाट नको होता, त्याला 'ओव्हरटाइम' हवा होता. हा ओव्हरटाइम म्हणजे कंपनीतला नव्हे. त्याच्याबरोबर आयटीआय केलेल्या चार मित्रांनी काढलेल्या रॉक बँडचं ते नाव. ज्योतीराम ड्रम वाजवायचा आणि भिवा गायचा. उरलेले दोघे गिटारवाले. चौघेही कुठल्या ना कुठल्या कंपनीत कामाला होते. ज्योतीराम तर फोर्जिंगमध्ये, तापलेल्या लोखंडावर घण आदळणाऱ्या यंत्रापाशी. त्यांचा पहिला कार्यक्रम खंडेनवमीला झाला, कंपनीत यंत्रांची पूजा झाल्यावर, झेंडूच्या माळा घातलेल्या मशिनींच्या मधोमध. साहेब लोक पेढा खाऊन निघून गेले, कामगार मात्र जागचे हलले नाहीत. कारण गाणी त्यांचीच होती: चुकलेली कंपनीची बस, गावाकडून आलेला फोन, शिफ्ट बदलल्यामुळे आठवडाभर न भेटलेली बायको.

आता एक गंमत सांगतो. कारखान्यात रोज शिफ्ट सुरू झाली की यंत्रातून निघालेला पहिला पीस आधी तपासतात. त्याला ओके मिळाला, तरच पुढचा माल काढायचा. नाही मिळाला तर यंत्र बंद. ही पद्धत या लोकांच्या अंगात इतकी मुरली होती, की बँडनेही तीच घेतली. नवीन गाणी रेकॉर्ड झाली की पहिली कॅसेट ज्योतीराम आमच्या घरी घेऊन यायचा.

"रत्ना, पहिला पीस आणलाय. तपास," तो म्हणायचा.

बुद्धरत्न भिंतीला पाठ टेकून माझ्यासमोर बसायचा आणि डोळे मिटायचा. ज्योतीराम त्याच्या तोंडाकडे बघत राहायचा. कॅसेट संपली की बुद्धरत्न दोन-तीन गोष्टी सांगायचा. दुसऱ्या गाण्यात झांज जरा आधी पडतीय. तिसऱ्यात भिवा शब्द खातोय. आणि तो सांगायचा ते खरं असायचं, हे मी स्वतः छातीठोकपणे सांगतो, कारण ते आवाज माझ्याच छातीतून निघत होते. बँड पुन्हा रेकॉर्ड करायचा. मग बुद्धरत्न म्हणायचा, "ओके. काढा माल." तेव्हाच कॅसेट दुकानात जायची. कॅसेटच्या कव्हरवर शेवटी बारीक अक्षरांत छापलेलं असायचं, 'तपासणी: बुद्धरत्न'. माझं नाव कुणी छापलं नाही. पण तपासणी ज्याच्यावर व्हायची तो मी होतो, आणि त्या काळात मला भलताच ताठा होता.

अशा तीन कॅसेट निघाल्या. मग कॅसेट गेल्या, सीडी आल्या, त्याही गेल्या. बँडवाल्यांची लग्नं झाली, मुलं झाली, कुणाची कंपनी बंद पडली, कुणाची दुसऱ्या राज्यात गेली. ओव्हरटाइम बंद पडला. कुणी बंद केला नाही, तो आपोआपच थांबला.

माझेही दिवस फिरले. बुद्धरत्नाची बायको सुकेशिनी स्वभावाने चांगली, पण तिला माझी जागा फ्रीजला हवी होती. त्यांची मुलगी दीक्षा मोठी झाली, हिंजवडीला नोकरीला लागली आणि तिने पहिल्या पगारातून साबणाच्या वडीएवढा एक बिनवायरचा स्पीकर आणला. तो दिवसभर टीवटीव करतो. घरात सगळ्यांना तो आवडतो. माझ्या डोक्यावर फुलदाणी आली ती तेव्हाच.

तरी गुरुवार माझा होता. आमच्याकडे कंपन्यांना सुट्टी गुरुवारची असते. त्या दिवशी बुद्धरत्न फुलदाणी खाली उतरवून ठेवायचा, फडक्याने माझी जाळी पुसायचा आणि ओव्हरटाइमची जुनी कॅसेट लावायचा. झांज पडते त्या नेमक्या जागी त्याचं बोट गुडघ्यावर पडायचं. एकदाही चुकायचं नाही.

मित्रांनो, त्या बोटाने आम्हा सगळ्यांना फसवलं.

कारण दुसरीकडे काही गोष्टी घडत होत्या. दारावरची चिमणीच्या आवाजाची बेल वाजायची आणि बुद्धरत्न पेपर वाचत तसाच बसायचा. दुधाच्या कुकरची शिट्टी वाजून वाजून थकायची. टीव्हीचा आवाज दर महिन्याला थोडा थोडा वर जात होता. "हल्ली सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात," अशी त्याची तक्रार असायची. घरात त्यावर विनोद व्हायचे. सुकेशिनी म्हणायची, "माझं सोडून सगळ्यांचं ऐकू येतं यांना." सगळे हसायचे, तोही हसायचा.

कंपनी कानात घालायला नारिंगी बोळे द्यायची. ते त्याच्या शर्टाच्या खिशातून धुण्यात निघायचे, नव्याचे नवे. दीक्षाने एकदा विचारलं तेव्हा तो तोऱ्यात म्हणाला, "प्रेसचा आवाज ऐकल्याशिवाय डाय, म्हंजे साचा, नीट बसलीय का नाय, ते कसं कळणार? माझा कान हीच माझी नोकरी आहे, बेटा." वर्षातून एकदा कानाची तपासणी व्हायची, तिचीही गंमत तो जेवताना सांगायचा. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं असतं. पण तपासणाऱ्या बाईचा हात काचेतून दिसतो. तो हलला की सगळे बटण दाबतात आणि सगळे पास होतात. नापास झालं तर प्रेसवरून काढून पॅकिंगला बसवतील, ही सगळ्यांना भीती होती.

आणि मग एके दिवशी ज्योतीरामचा फोन आला. ओव्हरटाइम पुन्हा एकत्र आला होता. इतक्या वर्षांनी नवीन अल्बम तयार होता, नाव 'शेवटची बस'. चौघेही आता निवृत्तीला टेकलेले, तेव्हा हा शेवटचाच हे सगळ्यांना माहीत होतं. बुद्धरत्न तो आठवडाभर लहान मुलासारखा वागत होता. त्याने फुलदाणी उतरवली ती थेट स्वयंपाकघरात नेऊन ठेवली.

गुरुवारी ज्योतीराम आला. डोक्यावर केस उरले नव्हते, पण दारातून शब्द तेच आले. "रत्ना, पहिला पीस आणलाय. तपास."

त्याने मोबाइलची वायर ॲम्प्लिफायरला जोडली आणि गाणी माझ्या छातीत उतरली. मित्रांनो, मी सुताराच्या हातून सुटल्यापासून ओव्हरटाइम वाजवतो आहे. माझं मत कुणी विचारत नाही, पण मी देतो. तो त्यांचा सर्वांत सुंदर अल्बम होता. तरुणपणी ते ओरडत होते, आता त्यांना ओरडायची गरज उरली नव्हती. शेवटच्या गाण्यात ज्योतीराम झांजेला नुसता स्पर्श करत होता आणि भिवा, तो एकेकाळचा बुलंद भिवा, जवळजवळ कुजबुजत होता. शिफ्ट सुटल्यावर रिकाम्या बसमध्ये एकट्याच बसलेल्या कामगाराने स्वतःशीच बोलावं, असं ते गाणं होतं. माझा वूफर जवळपास गप्प होता. सगळं काम ट्विटरचं होतं आणि त्याने ते जीव ओतून केलं.

गाणं संपलं. मी बुद्धरत्नाकडे पाहिलं. त्याचं बोट गुडघ्यावर तसंच पडून होतं.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं," ज्योतीराम म्हणाला.

बुद्धरत्नाने डोळे उघडले. मग अगदी दुखावलेल्या आवाजात म्हणाला, "हा ओव्हरटाइम नाय, राव. झांज कुठाय? भिवाच्या तोंडात बोळा कोंबलाय का? शेवटच्या गाण्यात तर नुसतं धप-धप. बाकी काहीच नाय. एवढ्या वर्षांनी हे आणलंत माझ्यापुढं?"

"पप्पा, वाजतीय की झांज," दीक्षा म्हणाली. "किती छान वाजतीय."

"तू गप. तुला काय कळतंय यातलं?"

मग त्याला माझा संशय आला. त्याने माझी जाळी काढली, कपाळावर टिचक्या मारल्या आणि म्हणाला, "ट्विटर मेला असंल." माझा ट्विटर ठणठणीत होता. तरी पुढच्या गुरुवारपर्यंत त्याने नवा आणून बसवला, जुना प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकून दिला. मला ते फार लागलं. इतक्या वर्षांची इमानदारी, आणि शेवटी खोटं पाडलं ते मलाच. नव्या ट्विटरवर पुन्हा गाणी लावली. बुद्धरत्नाने पुन्हा मान हलवली. नाही.

जुन्या कॅसेट त्याला पाठ होत्या. कानाने दिलं नाही ते त्याचं मन भरून काढत होतं. नवीन गाणी मात्र त्याच्या मनात नव्हती, म्हणून तिथे नुसती भोकं राहिली. हे मला दिसत होतं, आणि मला जीभ नाही.

ज्योतीराम वाद घालेल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "बरं. परत करतो."

त्याने स्टुडिओत जाऊन बारीक आवाज वाढवून आणले. बुद्धरत्न म्हणाला, "अजून." त्याने अजून वाढवले. तिसऱ्यांदा ती गाणी लागली तेव्हा माझा नवा ट्विटर फाटतो की काय असं मला झालं. झांज सुरीसारखी बाहेर येत होती. भिवाचा प्रत्येक 'स' फुत्कारत होता. सुकेशिनीने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. दीक्षाने दोन्ही कानांवर हात ठेवले.

बुद्धरत्नाचा चेहरा मात्र उजळला. त्याचं बोट गुडघ्यावर पडायला लागलं. डोळ्यांत पाणी आलं.

"हा! हा आपला ओव्हरटाइम! ओके, ज्योती. काढा माल."

"काका, फार कर्कश होतंय हो," दीक्षा घाईघाईने म्हणाली.

"स्टुडिओवालाही तेच म्हणत होता, भिवाही," ज्योतीराम म्हणाला. "पण रत्नाने ओके दिलाय ना? मग संपलं."

अल्बम बाहेर पडला. मोबाइलवर कुणीही ऐकू शकत होतं, आणि जुन्या लोकांनी मोठ्या आशेने तो ऐकला. निगडीला त्यांचा मोठा कार्यक्रमही ठरला होता. दोन दिवसांत लोकांनी लिहायला सुरुवात केली. कुणी लिहिलं, कानात खिळे ठोकल्यासारखं वाटतं. कुणी लिहिलं, एक गाणंही पूर्ण ऐकवत नाही. एकाने लिहिलं, आजोबांनी आता घरी बसावं, ओव्हरटाइम संपला. निगडीच्या आयोजकांनी कार्यक्रम पुढे ढकलला आणि नंतर त्यांनी फोन उचलणं बंद केलं. भिवा ज्योतीरामला एवढंच म्हणाला, "तुम्ही दोघांनी मिळून माझा आवाज मारलात." मग तो राजगुरुनगरला मुलाकडे निघून गेला. तो पुन्हा गायला नाही.

बुद्धरत्न घरात येरझाऱ्या घालत होता. "लोकांचे कान फुटलेत! काय कळतंय यांना?" तो ओरडत होता. ओरडताना त्याचा आवाज किती मोठा होतोय, हेही त्याला कळत नव्हतं.

तेव्हा दीक्षा उठली. तिने तिच्या मोबाइलची वायर ॲम्प्लिफायरला जोडली.

"पप्पा, बसा जरा. मी एक आवाज लावते. ऐकू आला की हात वर करा. आणि माझ्या हाताकडे बघू नका, डोळे मिटा."

जाड आवाजापासून तिने सुरुवात केली. वूफर घुमला, बुद्धरत्नाने हात वर केला. आवाज थोडा बारीक झाला, हात वर गेला. अजून बारीक झाला, हात अर्धवट वर गेला. मग आवाज माझ्या ट्विटरवर चढला. सरळ, स्वच्छ शिट्टी, सगळी खोली भरून टाकणारी. सुकेशिनी दारात येऊन उभी राहिली. खिडकीतला कावळा उडाला. बुद्धरत्न डोळे मिटून शांत बसला होता, हात मांडीवर.

"लाव ना," तो म्हणाला.

दीक्षाने सुकेशिनीकडे पाहिलं.

"दीक्षा? लाव की गं."

"लावलंय, पप्पा."

त्याने डोळे उघडले. मुलीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. मग उठून तो माझ्यापाशी आला आणि माझ्या कपाळावर बोट टेकवलं. ट्विटर थरथरत होता. ते त्याच्या बोटाला कळलं. कानाला कळलं नाही. तो तिथेच फरशीवर बसला.

मला त्या क्षणी स्वतःचीच लाज वाटत होती, आणि का ते मला सांगता येत नाही. मी तर नीट वाजत होतो.

"मग ज्योतीने आणला होता तो पहिला पीस…" तो बोलायला लागला आणि थांबला. दीक्षाने होकारार्थी मान डोलावली. "चांगला होता?"

"हो, पप्पा."

"आन् मी नाही म्हणालो." त्याच्या आवाजात आता राग नव्हता. "माझ्या बँडचा शेवटचा अल्बम. माझ्या हातानं."

निगडीच्या कानाच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं, ते दीक्षाने घरी येऊन आजीच्या, म्हणजे चिमाबाईच्या तसबिरीसमोर बसून सांगितलं. कानाच्या आत बारीक केसांसारख्या पेशी असतात. रोजच्या दणक्याने त्या मरतात. आधी बारीक आवाजांच्या मरतात. त्या पुन्हा येत नाहीत. कानाच्या यंत्राने लोकांचं बोलणं कळेल, पण गाणं पूर्वीसारखं ऐकू येईल अशी आशा धरू नका.

पुढच्या गुरुवारी बुद्धरत्नाने ज्योतीरामला बोलावून घेतलं. चहा तसाच ठेवून त्याने सरळ सांगून टाकलं. "ज्योती, तुमचं पहिलंच बरोबर होतं. माझेच कान गेलेत. मी तुमचं वाटोळं केलं. तू मला काय बोलायचं ते बोल."

ज्योतीरामने कप उचलला, पुन्हा खाली ठेवला.

"माझे तर कधीच गेलेत, रत्ना," तो म्हणाला. "फोर्जिंग आन् ड्रम, दोन्हीकडून मार. दहा वर्षं झाली असतील. मी झांजेवर काठी पडलेली डोळ्यानं बघतो आन् वाजली समजतो. बँडमधल्या कुणालाच सांगितलं नाही. झांज न ऐकू येणारा ड्रमर कोण ठेवतं, भावा? म्हणून तर तुझ्याकडं आलो. म्हटलं, आपले गेले तर गेले, रत्नाचे शाबूत आहेत."

दोघे एकमेकांकडे बघत राहिले. सुकेशिनी पदराने डोळे पुसत आत गेली. मी आजवर त्यांची किती गाणी वाजवली, पण त्या खोलीतली ती शांतता मला सगळ्यांत जड गेली.

मग बुद्धरत्न म्हणाला, "पहिलं आहे का अजून तुझ्याकडं?"

होतं. ज्योतीरामच्या मोबाइलमध्ये ते पडून होतं. वायर जोडली. दीक्षाला दोघांनी मध्ये बसवलं. ते काय वाजतंय ते तिने सांगायचं, असं ठरलं. शेवटचं गाणं सुरू झालं. मी माझ्या अंगात होता नव्हता तेवढा जीव एकवटून वाजत होतो.

"आता झांज आली, काका," दीक्षा सांगत होती. "एकदम हळू. आता भिवाकाका आले. ते म्हणतायत…" पुढे तिला सांगता येईना. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ती तोंडावर हात ठेवून ऐकत राहिली. दोघे मित्र तिच्या तोंडाकडे बघत होते. ती रडत होती, त्यावरून त्यांना कळत होतं की गाणं कसं झालंय.

गाणं संपलं तेही त्यांना तिच्याकडे बघूनच कळलं.

मित्रांनो, माझा ट्विटर खराब झाला तर बाजारात दुसरा मिळतो. माझा तर चांगला असूनही बदलला. तुमच्या कानाचं तसं नाही. तो एकदा गेला की कुठल्याही गल्लीत मिळत नाही. आणि तो जाताना सांगून जात नाही. मोठे आवाज शेवटपर्यंत ऐकू येत राहतात, म्हणून माणसाला वाटतं, आपलं सगळं शाबूत आहे. आधी जातं ते हळू बोललेलं, आणि माणसं मनातलं बोलतात ते हळूच. माझ्यासमोर रोज बसणाऱ्या माणसाचे कान माझ्या डोळ्यांदेखत गेले, आणि घर हसत राहिलं.

म्हणून माझी एकच विनंती आहे. आज संध्याकाळी तुमच्या घरी कामावरून जे कोणी येईल, त्यांच्या मागे उभे राहा आणि हळू आवाजात त्यांना हाक मारा. त्यांनी वळून पाहिलं नाही, तर हसू नका. पुन्हा मोठ्याने ओरडू नका. त्यांचा हात धरून त्यांना डॉक्टरकडे घेऊन जा.